आपली आगगाडी कोणती?

घरात टेबलावर रूळ मांडून त्यावर छोटी आगगाडी चालवणे हा मुलांचा खेळ, असे आपण समजतो. पण पाश्चात्त्य देशांत, आणि थोड्या प्रमाणात आपल्याकडेही, चांगली कर्तीसवरती माणसे या छंदात आयुष्याची वीस-वीस, तीस-तीस वर्षे घालवतात. पुण्याच्या भाऊ जोशी यांनी या छंदापायी कोथरूडमध्ये 1998 साली छोट्या आगगाड्यांचे संग्रहालयच उघडले. अशा छांदिष्टापुढे पहिला प्रश्न येतो तो इंजिन कसे करावे हा नव्हे. जगात हजारो लोहमार्ग आहेत. त्यांतला कोणता करावा, हा तो प्रश्न. वाचकहो, या निवडीमागे गणित आहे, इतिहास आहे आणि थोडी मायाही आहे. म्हणून आज तिच्याबद्दल चार गोष्टी सांगतो.

पहिले कारण मायेचे. ज्या गाडीची शिट्टी लहानपणी ऐकली, ती गाडी माणसाला हवी असते. आता आमचे केडगाव घ्या. पुणे–दौंड मार्गावर केडगाव नावाचे स्टेशन आहे ते वेगळे. आमचे केडगाव नगरला लागून असलेले. आमच्या शेजारून जातो तो दौंड–मनमाड मार्ग, 1878 साली सुरू झालेला. विसापूर, सारोळा, नगर, विळद, वांबोरी, राहुरी, पुणतांबे, कोपरगाव, येवला ही नावे आमच्याकडच्या माणसाला वेळापत्रक न बघता पाठ. तेव्हा येथला माणूस छोटी आगगाडी करायला बसला, तर तो साहजिकच म्हणेल, “मी आपली नगरची गाडी करणार.”

पण माया एकीकडे आणि जागा एकीकडे. येथे दुसरे कारण पुढे येते. छोट्या गाड्यांचे एक प्रमाण ठरलेले असते. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण एकास सत्त्याऐंशी, म्हणजे खऱ्या वस्तूचे 87 मीटर तेथे एक मीटर. दौंड ते मनमाड अंतर सुमारे 236 किलोमीटर. त्याला 87 ने भागा : उत्तर येते 2,700 मीटरांहून थोडे अधिक! एवढा रूळ घालायला घर नव्हे, शिवार लागेल. बरे, नुसते नगर स्टेशन करू म्हटले, तरी 22 मीटरांचा प्रवासी डबा या प्रमाणात पंचवीस सेंटिमीटरांचा होतो. असे वीस डबे जोडले की गाडी पाच मीटर लांब झाली. दहा फूट बाय बारा फूट खोलीत ती सरळ उभीसुद्धा राहणार नाही, मग वळणार कोठून?

म्हणून पुष्कळ लोक डोंगरातली किंवा आडबाजूची छोटी लाईन निवडतात. नेरळ–माथेरानची गाडी पाहा. ती 1907 साली सुरू झाली. तिच्या दोन रुळांतले अंतर अवघे 610 मिलिमीटर, चढ काही ठिकाणी विसास एक, वळणे अगदी आखूड आणि डबे मोजके. खऱ्या डोंगरात जागा नव्हती म्हणून जी वळणे इंजिनिअरांनी घेतली, तीच वळणे खोलीत जागा नसलेल्या छांदिष्टाच्या उपयोगी पडतात.

तिसरे कारण रुळांच्या रुंदीचे. शाळेतल्या मुलांना हे गणित जरूर घालावे. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी 1,676 मिलिमीटर. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक मार्गांची 1,435. दुकानात मिळणारे तयार छोटे रूळ त्यांच्या हिशेबाने, म्हणजे साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात. साडेसोळा गुणिले 87 करा, 1,435 येतात. आपल्या ब्रॉडगेजला मात्र सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. म्हणजे हिंदुस्थानी डबा त्या रुळांवर ठेवला, तर रुंद अंगाचा माणूस अरुंद बाकावर बसावा तसा तो दिसतो. काही लोक हा फरक चालवून घेतात. काही जण स्वतः रूळ तयार करतात. आणि बरेच जण नाद सोडून परदेशी गाड्याच घेतात, कारण त्या तयार मिळतात. भाऊ जोशींनी अमुक एका स्टेशनाची नक्कल न करता एक काल्पनिक शहरच वसवले, त्यात वाफेची इंजिनेही आली आणि वेगवान गाड्याही आल्या. हीसुद्धा एक निवडच. तिच्यात एका जागेची ओळख मिळत नाही, पण आगगाडीच्या नाना तऱ्हा एकत्र पाहायला मिळतात.

काहींची निवड इंजिनावरून ठरते. 1928 च्या सुमारास बोरघाटासाठी विजेची मालगाडीची इंजिने आली. मध्ये खोली आणि दोन्हीकडे लांब नाके, अशी तीन तुकड्यांची त्यांची ठेवण. वळणावर ती वाकत. आपल्या लोकांनी त्यांना ‘खेकडा’ असे नाव ठेवले. असे इंजिन ज्याच्या मनात भरले, त्याला मग घाट करावा लागतो, बोगदे करावे लागतात, आणि 1930 साली सुरू झालेली डेक्कन क्वीनही करावीशी वाटते. एका इंजिनापायी सगळा मुलूख उभा राहतो!

आता मला सर्वांत मोलाचे वाटते ते कारण सांगतो. छांदिष्टाला असा मार्ग आवडतो की जो पुरा करता येईल. याचे उत्तम उदाहरण आपल्या बार्शीशी बांधलेले आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअराने 1897 साली 762 मिलिमीटर रुंदीची बार्शी लाईट रेल्वे सुरू केली. पुढे ती 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. बार्शीचा अनुभव गाठीशी घेऊन कॅलथ्रॉपने इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड नावाचा तसाच एक मार्ग उभारला. तो 1904 साली सुरू झाला. लांबी तेरा किलोमीटर, इंजिने दोन, प्रवासी डबे चार. इंजिनांच्या कपाळावर हिंदुस्थानी थाटाचे मोठे दिवे. 1934 साली तो बंद पडला. पण इंग्लंडातल्या छांदिष्टांनी तो पुन्हा पुन्हा केला आहे, कारण दोन इंजिने आणि चार डबे केले की त्या रेल्वेची सगळी प्रवासी गाडी तयार होते. शिवाय त्याचे नकाशे, मापे आणि छायाचित्रे जपून ठेवलेली आहेत.

आणि आपली बार्शी लाईन? ती किती तरी मोठी. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी टपापर्यंत भरून जाणारी. 2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेज झाले. ते लोकांच्या सोयीचेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेथल्या एखाद्या छोट्या स्टेशनाचा सांधा कोठे होता, पाण्याची टाकी किती उंच होती, वाघिणीत माल कोणत्या बाजूने भरत, हे ज्यांनी पाहिले ती माणसे आता म्हातारी झाली आहेत. लेकीच्या चाली इंग्लंडात जपल्या गेल्या आणि आईच्या अंगणाची मापे इकडे विसरली जावीत, हे काही बरे नव्हे. छोटी गाडी करणाऱ्याला अंदाजाने भागत नाही. दारे किती, खिडक्या किती, कौले कोणत्या उताराची, सगळे मोजावे लागते. म्हणून त्याने निवडलेली रेल्वे टिकते, निदान कागदावर आणि पुठ्ठ्यात तरी.

गुरुजनहो, यासाठी महागडी परदेशी गाडी लागत नाही. जवळचे एक लहान स्टेशन निवडा. स्टेशनमास्तरांची परवानगी घ्या. मुलांना फलाटावरच ठेवा, रुळांत उतरू देऊ नका. इमारतीची लांबी-रुंदी मोजा. प्रमाण एकास शंभर धरा, म्हणजे मीटराला सेंटिमीटर आणि हिशेब तोंडी. गंमत अशी की या प्रमाणात आपले ब्रॉडगेज पावणेसतरा मिलिमीटरांचे होते, बाजारच्या साडेसोळाच्या रुळांशी जवळजवळ जुळते! पुठ्ठा, खळ आणि काड्यापेट्या पुरेत. गावात निवृत्त गँगमन, सांधेवाला किंवा गार्ड असेल तर त्यांना शाळेत बोलवा; ते सांगतील ते मुलांना वहीत उतरून घेऊ द्या, तारीख घालून.

कोणती रेल्वे करावी, याचे उत्तर मग फारसे अवघड राहत नाही. जी तुमच्या जागेत मावेल, जी पुरी होईल आणि जिच्याबद्दल अजून विचारायला माणूस हयात आहे, ती आधी करावी.