झोपडी गो-लाइव्ह!

विलो म्हटलं, की तुम्हा-आम्हाला काय आठवतं? अर्थातच बॅट! मलाही तेवढंच ठाऊक होतं. पण बॅटचा विलो वेगळा आणि टोपल्या विणायचा, छडीसारखा लवचीक विलो वेगळा, हे ज्ञान मला झालं इंग्लंडात. रेडिंगमधल्या भाड्याच्या घरामागे, घोटाभर चिखलात उभं राहून.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये तीन वर्षांच्या प्रोजेक्टवर आम्ही तिथे गेलो. मी, बायको आणि चार वर्षांची लेक. पुण्यात अखंड बडबड करणारी ही पोरगी तिथे एकदम मुकी झाली. शाळेत इंग्रजी कळेना. घरी आली की टेबलावर चादर टाकायची आणि खाली जाऊन बसायची. 'हे माझं घर. तुम्ही यायचं नाही.' आम्ही हसायचो खरे, पण रात्री झोप लागायची नाही.

शेजारच्या आजींनी हे खिडकीतून पाहिलं असावं. एके दिवशी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अरे, तिला खरंखुरं घर बांधून दे की! जिवंत विलोचं. एका शनिवारचं काम."

काठी रोवा, झाड घ्या

विलोची गंमत अशी, की त्याच्या सालीखाली मुळांचे डोळे आधीपासूनच तयार असतात. थंडीत पानं गळून झाड झोपलं, की वर्षभरात वाढलेली फांदी कापायची आणि ओल्या जमिनीत खुपसायची. बस्स! वसंतात तिला मुळं फुटतात. जर्मनीत आउअरश्टेट गावी १९९८ साली मार्सेल काल्बेरर या आर्किटेक्टने शेकडो स्वयंसेवकांना हाताशी धरून अशा काठ्यांचा चक्क महाल उभारला होता. आम्हाला झोपडी पुरे होती.

घरमालकाची परवानगी काढली. फेब्रुवारीत सॉमरसेट गाठलं. तिथल्या पाणथळ सखल भागात टोपल्यांसाठी विलोची शेती पिढ्यान् पिढ्या चालते. येताना दहा-दहा फुटी काठ्या डिकीतून निघून थेट पुढच्या काचेला टेकलेल्या! घरी पोचल्याबरोबर बुडखे पाण्याच्या बादलीत. सुकली की काठी गेलीच.

आजींची पहिली अट: घरापासून तीस फूट तरी लांब. विलोची मुळं पाण्याच्या मागावर पार ड्रेनेजच्या पाइपात शिरतात. नशिबाने बाग लांबुडकी होती. साडेसहा फूट व्यासाचं वर्तुळ आखलं, गवत काढून काळं कापड अंथरलं, पहारीने फूट-फूट खोल भोकं पाडली आणि फूट-फूट अंतरावर वीस काठ्या रोवल्या. जाड टोक खाली बरं का! मधे दोन फुटांचं दार. वरची टोकं वाकवून बांधली, बारीक काठ्या तिरक्या विणल्या. संध्याकाळी लेक आत जाऊन बसली. मार्चअखेर काठ्यांना हिरवे ठिपके आले आणि ती रोज सकाळी ते मोजायला लागली. मोठ्याने. इंग्रजीत!

मी ऑफिसात फोटो मेल केला. सब्जेक्ट: 'वी आर लाइव्ह!'

आणि सिस्टिम डाऊन

जूनमध्ये भावाच्या लग्नासाठी महिनाभर पुण्याला आलो. पाणी कोण घालणार? इंग्लंडात पाऊस पडतोच की, म्हणून मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही. वास्तविक पहिला उन्हाळाच सगळ्यात नाजूक असतो. मुळं वरवर असतात आणि पानं मात्र भसाभस पाणी पितात. त्यात कापडाच्या कडा उचलल्या जाऊन गवत माजलं. परतलो तेव्हा वीसपैकी सात काठ्या खडखडीत वाळलेल्या.

"बाबा, माझं घर मेलं का?"

तेरा काठ्या जिवंत आहेत, हे उत्तर चार वर्षांच्या मुलीला कसं द्यायचं? चादर पुन्हा टेबलावर गेली.

मला तर सगळं उपटून टाकावंसं वाटत होतं. आजींनी अडवलं. "थांब. पाणी घाल, गवत काढ आणि हिवाळ्याची वाट बघ. दुरुस्तीचं सामान ते झाडच तयार करतंय."

खरंच होतं ते. विलोचा सगळा जोर शेंड्याकडे. वर सहा-सात फुटी धुमारे सुटतात आणि खाली उघडं पडतं. म्हणून दर हिवाळ्यात वरची वाढ छाटायची किंवा वाकवून खाली विणायची. त्या डिसेंबरात आम्ही छाटलेल्यांतले सात जाड धुमारे निवडले आणि मेलेल्या काठ्यांच्या जागी लावले. पहार मी मारली, काठ्या तिने खुपसल्या. पुढचा अख्खा उन्हाळा पाण्याचं डिपार्टमेंट तिच्याकडे होतं. सातही जगल्या. नंतर तर शाळेतल्या मैत्रिणी त्या दारातून रांगत आत-बाहेर करू लागल्या आणि 'तुम्ही यायचं नाही'वाला नियम फक्त आई-बाबांपुरता उरला.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये प्रोजेक्ट संपला. झोपडी सोबत आणता येत नाही, परवान्याशिवाय तिची काडीही नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी लेकीने शेजारच्या आजींना बजावलं, "डिसेंबरमध्ये कटिंग. विसरू नका." आजींनी कॅलेंडरवर लिहून घेतलं.

दर जानेवारीत त्यांचा फोटो येतो. छाटलेली, उघडीबोडकी झोपडी. परवा नदीकाठी लेकीला वाळुंज दाखवलं, विलोचाच आपला देशी भाऊबंद. तिने फांदी वाकवून बघितली आणि म्हणाली, "बाबा, ही पण लागेल."

माझ्या रेझ्युमेवर बरीच गो-लाइव्ह आहेत. खरोखर लाइव्ह असलेलं हे एकच, आणि त्याचा मेंटेनन्स माझ्याकडे नाही!