प्रदेशाचा प्रतिनिधी कोण? राष्ट्रीय युवा उपक्रम आणि आपला वाटा

27 जानेवारी 1919 रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर सत्तावीस वर्षांचे होते. 2014 च्या राष्ट्रीय युवा धोरणाने 15 ते 29 हा वयोगट युवा मानला आहे; त्या हिशेबाने ती एका युवकाचीच साक्ष होती. प्रतिनिधित्वाची दोन अंगे त्यांनी तेथे वेगळी केली : मतांचे प्रतिनिधित्व आणि व्यक्तींचे प्रतिनिधित्व. एखाद्या समूहाचे म्हणणे दुसऱ्या कोणी मांडून भागत नाही, त्या समूहातील माणूस स्वतः सभागृहात बसला पाहिजे, हा त्याचा आशय. केवळ भूभागावर आखलेले मतदारसंघ विभागलेल्या समाजात हे साधत नाहीत, हेही त्यांनी दाखवून दिले. युवकांच्या राष्ट्रीय उपक्रमांत कोणत्या भागातील मुले पोहोचतात, हे तपासण्यास आजही हीच कसोटी उपयोगी पडते.

पहिला प्रश्न मोजमापाच्या एककाचा. एनसीसीचा कारभार 17 संचालनालयांतून चालतो. त्यांत गोवा कर्नाटकाबरोबर आहे आणि ईशान्येकडील सात राज्ये मिळून एकच संचालनालय आहे. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय युवा संसदेत मात्र राज्य हे एकक आहे : जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा पायऱ्या चढत राज्यातील पहिले तिघे दिल्लीला जातात. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख, तर सिक्कीमची सुमारे 6 लाख; तरी दोघांचा वाटा सारखाच. येथे घटना समितीत राज्यसभेसाठी पुढे आलेले सूत्र आठवावे. पहिल्या पन्नास लाख लोकसंख्येपर्यंत दर दहा लाखांमागे एक जागा, त्यापुढे दर वीस लाखांमागे एक. आज सिक्कीम व गोव्याला प्रत्येकी 1, महाराष्ट्राला 19 आणि उत्तर प्रदेशाला 31 जागा आहेत. लहानांना अस्तित्वाची हमी आणि मोठ्यांना संख्येचे वजन, पण उतरत्या प्रमाणात. युवा उपक्रमांना हे सूत्र अधिक न्याय्य ठरेल, असे माझे मत आहे.

तथापि राज्याचा वाटा ठरला म्हणजे न्याय झाला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. महाराष्ट्रात 36 जिल्हे आहेत. विदर्भ आणि मराठवाडा यांना नोकऱ्या, निधी व शिक्षणातील प्रवेश यांत योग्य वाटा मिळावा, यासाठी 1953 साली नागपूर करार करावा लागला. पुढे घटनेच्या 371(2) कलमान्वये 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. बाबासाहेबांनी 1955 च्या भाषिक राज्यांविषयीच्या ग्रंथात मराठी मुलखाचे चार भाग सुचवले होते, त्यामागे हीच चिंता होती. त्याआधी, 1950 साली, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादेत महाविद्यालय काढले. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय असताना ते तेथे का गेले, याचे उत्तर त्या निवडीतच आहे.

प्रदेशाच्या पाटीमागे कोण बसतो, हे ती पाटी रंगवणाऱ्यांच्या हाती असते. 1946 साली घटना समितीवर मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना वाट मिळाली नाही. जोगेंद्रनाथ मंडल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर ते बंगालमधून निवडून गेले. फाळणीनंतर, जुलै 1947 मध्ये, ते मुंबईतून आले. मुंबई प्रांताचा वाटा तर आधीपासूनच होता.

आता निवडीच्या चाळणीकडे पाहू. 2025 च्या युवा संसदेत पहिली पायरी होती एका मिनिटाची चित्रफीत संकेतस्थळावर चढवणे. पुण्यातील विद्यार्थ्याला हे काम चहा निवेपर्यंतचे. धडगाव वा भामरागड तालुक्यातील मुलीला त्यासाठी आधी नेटवर्कची जागा शोधावी लागते. शिवाय या फेऱ्या बहुधा डिसेंबर ते मार्च या काळात होतात, आणि बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे तेव्हा ऊसतोडीच्या फडावर असतात. धाकट्या भावंडांना सांभाळायला थांबलेली मुलगी गुणवत्तेत मागे पडली, असे कोणी म्हणणार असेल तर ते मला मान्य नाही. ती परीक्षेला बसलीच नाही. तीच गोष्ट भाषेची. पाठांतर केलेली सफाईदार हिंदी-इंग्रजी आणि विचार यांतील फरक परीक्षकाला कळलाच पाहिजे. प्रवासाचा खर्च आगाऊ मिळतो की नंतर, ही बाब किरकोळ वाटते. मजूर पालकाला ती मुळीच किरकोळ नाही.

आपल्या वसतिगृहातून गेलेले अनेक माजी विद्यार्थी आज शिक्षक, प्राध्यापक, शासकीय कर्मचारी आहेत. सूचनाफलकावर परिपत्रक लावून मोकळे होण्याऐवजी ते वर्गात वाचून दाखवणे आणि मुलीच्या घरी फोन करणे त्यांच्या हाती आहे. यापेक्षा मोठे कामही अवघड नाही. मागील पाच वर्षांत आपल्या जिल्ह्यातून कोणकोणत्या तालुक्यांतील व महाविद्यालयांतील किती विद्यार्थी निवडले गेले, त्यांत मुली किती, अनुसूचित जाती-जमातींचे किती, ही आकडेवारी 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. नावे मागू नयेत. संख्या पुरेशी आहे. अर्जाचे शुल्क दहा रुपये असून दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही द्यावे लागत नाही.