माळ्यावरची आगगाडी

तळोद्यास रूळ नाहीत. आगगाडी पाहावयाची तर तापी ओलांडून सुरत–भुसावळ मार्गावरील नंदुरबार स्टेशन गाठावे लागते. म्हणूनच आमच्या युनियनच्या कचेरीत माळ्यावर पडलेला छोट्या आगगाडीचा देखावा यंदा प्रदर्शनात मांडावयाचे ठरले. एका निवृत्त फिटरने तो हाताने बांधून आम्हांस दिला होता. बांधणारा आज हयात नाही, आणि देखावा १२ वर्षे चादरीखाली होता.

पहिली चूक माझीच. उत्साहाच्या भरात मी तारा जोडून वीज सोडली. इंजिन गुरगुरले, तापले, जळका वास आला. दोन इंजिनांपैकी एक गेले. फिटरच्या घरच्या मंडळींस आमंत्रण मात्र आधीच गेले होते.

असे का झाले? या गाडीचे दोन रूळ हेच तिच्या दोन तारा. १२ व्होल्टचा प्रवाह एका रुळावरून चाकावाटे मोटारीत शिरतो व दुसऱ्या रुळाने परततो. इंजिनातील जुने वंगण डिंकासारखे घट्ट झालेले. मोटार फिरू पाहते, दाते हलत नाहीत. अडलेली मोटार अधिक वीज ओढते आणि जळते.

तेव्हा इंजिन सर्वांत शेवटी. आधी फळी पाहावी, कारण पावसाळी दमटपणाने प्लायवूड वाकते. धूळ कोरड्या मऊ ब्रशाने काढावी. पाणी लावू नये. खालच्या तारा उंदरांनी कुरतडल्या आहेत काय ते पाहावे. मग रूळ. पॉलिशपेपरने घासण्याचा मोह होतो, पण ओरखड्यांत मळ अधिक बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने पुसावे, आणि ते पुरते उडून गेल्याशिवाय वीज सोडू नये. ते पेट घेते.

खरी मेख सांध्यांत असते. १२ व्होल्टचा लहान बल्ब दोन्ही रुळांस टेकवीत पुढे सरकावे. ज्या सांध्यापलीकडे तो मंदावला, तो सांधा सैल किंवा गंजलेला. हे काम करताना मला लाइनवरचे गँगमन आठवले. गाडी वेळेवर आली की प्रवासी ड्रायव्हरला वाखाणतात. उन्हात सांधे तपासणाऱ्याकडे कोण पाहतो?

पुण्यास कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ साली उघडले. या छंदात १:८७ हे प्रमाण फार प्रचलित आहे. त्यात रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर, म्हणजे युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचे रूप. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर; तिला १९ हून थोडे अधिक हवे. आमच्या फिटरनेही तयार मिळणारे रूळच वापरले, म्हणून त्याचे देशी इंजिन पायांत किंचित अरुंद दिसते.

उरलेल्या इंजिनाचे जुने वंगण काढले, चाके पुसली, सुईच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब दिला आणि अगदी कमी विजेवर चालविले. काल रात्री ते पूर्ण फेरी फिरले. बोगद्यापाशी मात्र अजून अडखळते; तेथला सांधा उद्या सकाळी उघडणार आहोत.