छातीतील कळ आणि पहिली दहा मिनिटे

छातीत दुखू लागले की आपल्याकडे पहिले निदान घरातच होते. पित्त झाले असेल, वात धरला असेल, असे म्हणून ओव्याची चिमूट पुढे केली जाते. पुष्कळदा ते खरेही ठरते. कारण आम्लपित्त, बरगडीचे स्नायू, फुप्फुसाची सूज, मनाची धास्ती अशी या दुखण्याची कारणे अनेक आहेत. परंतु त्याच वेदनेआड हृदयाची रक्तवाहिनी बंद पडलेली असू शकते. तातडीच्या विभागात हे सर्व रोगी एकाच बाकावर येऊन बसतात. त्यांतून धोक्याचा रोगी वेळेवर ओळखणे, हेच तेथील डॉक्टरांपुढील कोडे होय.

यासाठी मुख्य साधने तीन. पहिले हृदयाचा विद्युत्‌आलेख, म्हणजे ईसीजी. ज्या संशोधनामुळे तो शक्य झाला, त्यासाठी आइंथोव्हेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रोगी आल्यापासून दहा मिनिटांत हा आलेख निघावा, असा आज दंडक आहे. मात्र पहिला आलेख निर्दोष दिसला म्हणून रोग नाही असे ठरत नाही. वेदना चालू असल्यास तो पुन्हा काढावा लागतो. दुसरे साधन रक्ततपासणी. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन हे द्रव्य रक्तात उतरते. परंतु त्यास काही अवधी लागतो, म्हणून ही तपासणीही बहुधा दोनदा करतात.

तिसरे साधन रोग्याची हकीकत. २००८ साली डच डॉक्टरांनी हकीकत, आलेख, वय, पूर्वीचे धोके व ट्रोपोनिन यांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देण्याची पद्धत मांडली. तीत हकीकतीला रक्ततपासणीइतकेच मोल आहे. आपल्या सीमाभागात नेमकी येथेच अडचण येते. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदकडील म्हातारी 'कळ', 'जळजळ', 'छाती भरून आली' असे मराठीत सांगते. समोरच्या कन्नडभाषी डॉक्टरांच्या कानी तेवढे 'एदे नोवु', म्हणजे छातीतले दुखणे, एवढेच पोचते. शब्दांतील सूक्ष्म भेद वाटेतच गळतो. त्यातून स्त्रिया व मधुमेही यांना कधी कधी छातीत कळ न येता केवळ दम लागतो, घाम फुटतो, मळमळते.

नट पुनीत राजकुमार यांचे २०२१ साली वयाच्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. त्यांच्या नावाने कर्नाटक सरकारने 'हृदयज्योती' योजना सुरू केली. तालुका रुग्णालयातील आलेख मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांकडे पाठवावा, आणि झटका निश्चित झाल्यास गुठळी विरघळविणारे टेनेक्टेप्लेज हे महागडे औषध तेथेच विनामूल्य टोचावे, ही तिची रचना. कलबुर्गीत जयदेव संस्थेचे हृदयरुग्णालय आहे. पण बीदरपासून ते शंभरावर किलोमीटर दूर, आणि या औषधाचा खरा गुण पहिल्या तीन तासांतच येतो.

म्हणून ओव्यावर विसंबून रात्र काढू नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. दुखणे किती वाजता सुरू झाले, कोठवर पसरले, कोणती औषधे चालू आहेत, हे सांगू शकणारा, शक्य तर दोन्ही भाषा जाणणारा माणूस रोग्यासोबत द्यावा. गावातील शाळेत जाणारी नातही हे काम करू शकेल.