ओलीला वाट हवी

चतुर्थी चार दिवसांवर आली की गोव्यातील कित्येक मूळ घरांची कुलुपे निघतात. मुंबई-पुण्याहून आलेली मंडळी दार लोटतात, आणि पहिले स्वागत होते ते कुबट दर्पाने. देवघराच्या भिंतीवर काळी बुरशी, पेटीतल्या सोवळ्यावर पांढरी साय. वर्षभर बंद असलेल्या वास्तूचे भोग म्हणून माणसे ते सोसतात. परंतु हाच दर्प आता पणजी, मडगाव, म्हापसा येथील नव्या सदनिकांतूनही येतो, आणि तेथे तर माणसे रोज नांदत असतात. वृद्धांचा दमा आणि लेकरांचा खोकला ऐन आषाढात का बळावतो, याचे एक कारण त्या भिंतींवर दिसते.

दोष पावसाला देण्याची आपल्याला सवय आहे. वर्षाकाठी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस आपल्या पूर्वजांनीही पाहिला होता. त्यांनी जांभ्या दगडाच्या भिंतींना चुन्याचा गिलावा दिला. तो ओल घेई आणि उघडीप मिळताच परत देई. मंगळुरात बासेल मिशनने 1865 साली कारखाना काढल्यावर किनाऱ्यावर जी कौले पसरली, त्यांच्या फटींतून उष्ण हवा वर निघून जाई. खाली चूल, मध्ये राजांगण. घर दिवसभर श्वास घेत असे. त्या चुलीच्या धुराने आमच्या आयाबहिणींचे डोळे आणि छाती पोखरली, म्हणून तिचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण चूल गेली तेव्हा घरातली हवा वर खेचणारी शक्तीच गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

थोडे गणित करू. बारा बाय दहा फुटांची, दहा फूट उंच खोली घ्या. जुलैच्या उष्णमानात तिच्यातील सारी हवा मिळून एक लिटरहूनही कमी पाणी वाफेच्या रूपाने धरू शकते. बाहेरची आर्द्रता 85 टक्के असेल, तर त्यातली बहुतेक जागा आधीच भरलेली असते. उरते ती चहाच्या एका कपाएवढी. आता त्याच खोलीत दोरी बांधून आपण कुटुंबाचे ओले धुणे वाळत घालतो. त्यातून लिटर-दीड लिटर पाणी तरी निघणार. ते जाणार कोठे? भिंतीत, गादीत, पुस्तकांत.

बाहेरच दमट हवा आहे, मग खिडकी उघडून उपयोग काय, असे पुष्कळ जण विचारतात. बाहेरची हवा घर कोरडे करणार नाही, हे खरे. पण धुण्याची, स्वयंपाकाची आणि न्हाणीघराची वाढीव वाफ ती वाहून नेते. तेवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. अपवाद फक्त वातानुकूलित खोलीचा. रात्रभर गार केलेली खोली सकाळी एकदम उघडली की लाद्यांना घाम फुटतो. ती आधी पंख्याने कोमट होऊ द्यावी.

राष्ट्रीय बांधकाम संहिता उष्ण-दमट प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश इतके खिडक्यांचे क्षेत्र सुचवते. आमचे बांधकाम व्यावसायिक सरकत्या काचांची खिडकी बसवून तो हिशेब कागदावर जुळवतात. सरकती खिडकी निम्मीच उघडते, हे नकाशा मंजूर करणाऱ्या अभियंत्याला ठाऊक नसेल काय? छतालगतची जाळी तर आता शोधूनही सापडत नाही. वाहनतळासाठी भांडणाऱ्या ग्राहकाने सदनिका घेताना या जाळीसाठीही हट्ट धरावा.

तोवर जे हाती आहे ते करावे. वारा नैर्ऋत्येकडून झोडपत असताना त्या बाजूची तावदाने लावावीत, पण पूर्वेची उघडी ठेवावीत. दुपारच्या उघडिपीत समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या मोकळ्या सोडाव्यात. भांड्यावर झाकण, न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा, धुणे शक्यतो गच्चीवरच्या छपराखाली. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन बोटे पुढे ओढावे. जुन्या काळी कपाटात चाळीस वॅटचा दिवा लावून ठेवत. आजचा एलईडी दिवा उजेड देतो, ऊब फारशी देत नाही, हे लक्षात असू द्यावे.

बंद मूळ घरांसाठी शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून पंधरवड्यातून एक दुपार दारे उघडण्याची विनंती करण्यात कमीपणा नाही. आणि चतुर्थीच्या तोंडावर ओल्या भिंतीवर प्लॅस्टिकचा रंग चढवण्याची घाई कृपया करू नये. आत कोंडलेले पाणी दिवाळीपर्यंत त्या रंगाचे पापुद्रे सोडवते. यंदा भिंत नुसती पुसून घ्यावी, गणपतीमागे स्वच्छ कापडाचा पडदा सोडावा, आणि रंगाऱ्याला निरोप मार्च महिन्याचा द्यावा. जांभ्याची भिंत असेल, तर चुन्याचाच.