खेळण्यांतील सैनिक आणि त्यांची नावे

जुनी नाणी, ताम्रपट किंवा पोथ्या जमविणाऱ्यास आपल्याकडे संशोधक म्हणतात. खेळण्यांतील शिपाई जमविणाऱ्यास छांदिष्ट म्हणतात. हा भेद सर्वस्वी निराधार आहे असे नव्हे. परंतु भाषेच्या अभ्यासकाला या दुसऱ्या छंदाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण खेळण्यांतील सैनिक ही वस्तू नावावाचून अपुरी असते. शिशाचा एक पुतळा हातात घेतला, तर तो कोण आहे हे त्याच्या अंगावरून निम्मे कळते; उरलेले निम्मे खोक्यावरच्या चिठ्ठीवर छापलेले असते. जाणते संग्राहक मूळ खोक्यासह मिळालेल्या संचाला सुट्या पुतळ्यांपेक्षा कितीतरी अधिक किंमत देतात, त्याचे एक कारण हे आहे.

अठराव्या शतकात न्यूरेंबर्ग येथे कथलाचे चपटे सैनिक ओतले जात असत. पुढे जर्मन कारागिरांनी भरीव, गोलाईचे पुतळे केले; पण ते जड आणि महाग पडत. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी पोकळ ओतकामाची युक्ती योजली. वितळलेला शिसे-मिश्रधातू साच्यात ओतावयाचा, साच्याच्या भिंतीलगतचा थर गोठताच उरलेला रस बाहेर ओतून टाकावयाचा. आत पोकळी राहते आणि धातूची बचत होते. या स्वस्ताईमुळे हे शिपाई मध्यमवर्गीय इंग्रज मुलांच्या हाती आले. एकच साचा निरनिराळ्या रंगांनी रंगवून निरनिराळ्या पलटणी सिद्ध करता येत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर साचा ही प्रकृती आणि रंग हा प्रत्यय. अंगरखा तांबडा, पण गळपट्टी व बाह्यांची किनार कोणत्या रंगाची, यावरून पलटणीचे नाव ठरे.

याच कारखान्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'झुलूज ऑफ आफ्रिका' या नावाचा संच काढला. त्याला १८७९ च्या युद्धाची पार्श्वभूमी होती. त्या वर्षी २२ जानेवारीला इसांडल्वाना येथे झुलू सैन्याने इंग्रजांची छावणी उद्ध्वस्त केली आणि तेराशेहून अधिक माणसे कापून काढली. त्याच दिवशी दुपारी सुरू झालेल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या झुंजीत इंग्रजांची एक लहानशी तुकडी टिकून राहिली आणि तिच्यातील लढवय्यांना ११ व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. पहिल्या घटनेची लाज दुसरीच्या कौतुकाने झाकली गेली, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही. जुलैमध्ये उलुंदीच्या लढाईने झुलू राज्याची सत्ता मोडली.

आता संच पाहा. इंग्रज शिपायांच्या खोक्यांवर प्रत्येक पलटणीचे स्वतंत्र नाव आहे. झुलूंच्या खोक्यावर पलटणीचे नाव नाही. एका खंडाचे आहे. पुतळेही एकाच ठेवणीचे, सर्व धावत येणारे, हाती ढाल व शस्त्र. वस्तुतः झुलू सैन्याची रचना अत्यंत काटेकोर होती. समवयस्क तरुणांची एकेक पलटण उभारली जाई, तिला 'इबुथो' म्हणत. ढालीच्या कातड्याच्या रंगावरून पलटण ओळखण्याची पद्धत होती. उथुल्वाना, उमबोनांबी, इंगोबामाखोसी ही त्यांपैकी काहींची नावे. शेवटच्या नावाचा अर्थ 'राजांना वाकविणारे' असा आहे. म्हणजे गळपट्टीच्या रंगाने जे इंग्रजांकडे सांगितले जाई, ते झुलूंकडे ढालीच्या रंगाने सांगितले जाई. कारखानदाराने एक व्याकरण टिपले, दुसरे टिपले नाही. अलीकडच्या, मुख्यत्वे प्रौढ संग्राहकांसाठी निघणाऱ्या संचांवर झुलू पलटणींची नावे येऊ लागली आहेत. पहिल्या संचापासून तेथवर येण्यास बराच काळ लागला.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. त्या युद्धातील झुलू राजा सेत्श्वायो. त्याच्या नावाचा आद्य ध्वनी आपल्या लिपीत लिहिता येत नाही. पण तो आपल्याला अपरिचित मुळीच नाही. हळहळताना आपण जिभेचे टोक दातांमागे टेकवून 'च्च' असा जो ओढीचा आवाज करतो, तोच तो. मराठीत तो शब्दांच्या बाहेर उभा आहे. झुलू भाषेत तो वर्णमालेत बसलेला आहे. खेळण्याच्या खोक्यात अशा गोष्टी मावत नाहीत, हे खरे.

ब्रिटनच्या सूचीत हिंदी सैनिकही आहेत. बॉम्बे, मद्रास आणि बंगाल येथील पायदळ व रिसाला यांचे संच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निघू लागले. त्यांना पलटणीचे नाव मिळाले, कारण ते साम्राज्याच्या बाजूने उभे होते. आपल्या भागाचा या सैन्याशी संबंध दूरचा नाही. नांदेडलगतच्या हिंगोलीस हैदराबाद कांटिंजंटची छावणी होती आणि अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेस, रिसाला असे. १९०३ साली हे कांटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाले. पलटण, रिसाला, दफेदार, कवायत हे शब्द या प्रदेशातील लोकांनी अशाच छावण्यांच्या आसपास कानांवर घेतले. त्यांतील 'कवायत' हा शब्द अरबी 'कवाइद', म्हणजे नियम, यावरून आला. आणि उर्दूत हाच शब्द व्याकरणालाही लावतात. निजामी अमदानीत उर्दू माध्यमातून शिकलेल्या नांदेड-लातूरकडच्या पिढीला 'कवाइद' म्हटल्यावर मैदान आणि पाठ्यपुस्तक ही दोन्ही आठवत असत. 'गारदी' हा शब्द फ्रेंच 'गार्द'वरून आलेला. १७६० च्या उदगीरच्या लढाईशी ज्याचे नाव निगडित आहे त्या इब्राहिमखानाच्या आडनावी तो कायमचा राहिला.

आता इंग्रजी खोके बाजूला ठेवून आपल्या बाजारात येऊ. खेळण्यांतील सैनिकाचे मराठी प्रतिरूप म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरील मातीचा मावळा. ही प्रथा पुणे-सातारा भागात जितकी रुजलेली आहे तितकी मराठवाड्यात जुनी नाही. येथे मातीचे खेळणे म्हटले की पोळ्याचे बैल आठवतात, किंवा महालक्ष्म्यांपुढची आरास. तथापि किल्ल्याचे साहित्य आता नांदेडच्या आणि लातूरच्या बाजारांतही दिवाळीस दिसते.

पुण्याकडे या मातीच्या पुतळ्यांना 'चित्रे' म्हणतात. 'किल्ल्यावर चित्रे मांडली' हे वाक्य प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते, कारण चित्र म्हणजे कागदावर वा भिंतीवर काढलेले, अशी आपली समजूत. परंतु शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत सर्व बाजूंनी घडविलेल्या मूर्तीस 'चित्र', अर्ध्या उठावाच्या मूर्तीस 'अर्धचित्र' आणि रंगवून काढलेल्या आकृतीस 'चित्राभास' अशा संज्ञा आहेत. ग्रंथांतील संज्ञा आणि पुण्याच्या मुलांचा शब्द यांत अखंड परंपरा आहे असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु अर्थ जुळतो आणि तो सहज डावलण्याजोगा नाही. आमच्याकडे मात्र बाजारात मला 'मूर्ती' हाच शब्द ऐकू आला.

'मावळा' हा मुळात मावळ प्रांतातील माणूस. लातूरच्या ज्या मुलाने मावळ पाहिले नाही, त्याच्या लेखी मावळा म्हणजे शिवाजी महाराजांचा शिपाई. प्रांत गेला, शिपाई राहिला. उत्तर हिंदुस्थानात कंपनीच्या शिपायास 'तिलंगा' म्हणत, तेथेही हेच झाले: आपल्या देगलूर-बिलोलीच्या पलीकडे सुरू होणाऱ्या तेलंगणाचे नाव तांबड्या अंगरख्याला चिकटले. 'झुलू'ची गत उलटी झाली. शिपाईपणाचे नाव, पलटणीचे नाव, हे सारे गळून केवळ जमातीचे नाव उरले.

किल्ल्यावर शत्रू कोठे असतो? तुतारीवाला, तोफ, पहारेकरी, घोडेस्वार, सिंहासनावर महाराज, पायथ्याशी गवळण आणि भाजीवाली. समोर मात्र फौज नसते. शत्रू आलाच तर अफझलखान म्हणून, एकटा आणि नावानिशी येतो. म्हणजे इंग्रजी मांडणीत शत्रू अनामिक आणि अनेक. मराठी मांडणीत तो नामांकित आणि एक. अनामिकत्व येथे आपल्याच मावळ्याच्या वाट्याला आले आहे. प्रभावळीतील प्रत्येकाला काम आहे, नाव नाही. इंग्रजांच्या दोषाकडे बोट दाखविणाऱ्याने हेही नोंदविले पाहिजे.

संग्रह करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. शिशाचे पुतळे ओकच्या कपाटात किंवा साध्या पुठ्ठ्यात फार काळ बंद ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या आम्ल वाफांनी शिसे पांढऱ्या भुकटीत उतरू लागते. असे पुतळे मुलांच्या हातीही देऊ नयेत. मातीच्या मावळ्यास हा रोग नाही, पण तो दिवाळी संपताच पावसापाण्यात किंवा उकिरड्यावर जातो, आणि म्हणूनच त्याचा जुना संग्रह दुर्मिळ आहे. पुतळा गेला तरी दुसरा त्याच साच्यातून निघतो. कुंभाराने, विक्रेत्याने आणि मुलाने त्याला दिलेले नाव मात्र कोणत्याही साच्यात नसते. ते त्याच दिवशी, त्याच तोंडून, जसे उच्चारले तसे लिहून घ्यावे लागते.

माझ्या एका नोंदपत्रावर येणेप्रमाणे मजकूर आहे: स्थळ, लातूर, गंजगोलाई. वस्तू, मातीचा उभा पुरुष, हाती भाला, उंची चार बोटे, पगडी तांबडी. विक्रेत्याने सांगितलेले नाव, पहारेकरी. शेजारी उभ्या असलेल्या मुलाने सांगितलेले नाव, महाराजांचा माणूस.