मैदान कुणाचे, गल्ला कुणाचा?

जळगाव-धुळ्यात रात्री जागून इंग्लंडच्या फुटबॉल लीगचे सामने पाहणारी पोरे आता कमी नाहीत. कोणता खेळाडू किती पौंडांना गेला, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्यापैकी एखाद्याने विचारले, की आपल्या महाराष्ट्रात क्लब येतात आणि विरून का जातात, तर चर्चा प्रशिक्षक, क्रिकेटचे वेड, पालकांची मानसिकता अशी भरकटते. माझ्या मते सुरुवात एका कंटाळवाण्या कागदापासून करायला हवी. तो कागद म्हणजे मैदानाचा करार.

व्यावसायिक क्लबला पैसा तीन वाटांनी येतो: प्रक्षेपण हक्क, प्रायोजक आणि मैदान. पहिली वाट आपल्याकडे क्लबच्या हातात कधीच नव्हती. भारतीय फुटबॉलचे व्यावसायिक हक्क 2010 च्या करारानुसार पंधरा वर्षांसाठी रिलायन्सशी संबंधित कंपनीकडे गेले आणि अलीकडच्या वर्षांत फुटबॉल महासंघाला त्यातून वर्षाला 50 कोटी मिळत होते. तो करार डिसेंबर 2025 मध्ये संपला. पुढचे ठरत नव्हते म्हणून इंडियन सुपर लीगचा मोसमच वेळेवर सुरू झाला नाही. अशा वेळी क्लबला धरून ठेवायला तिसरी वाट असावी लागते. आपल्या क्लबांकडे नेमकी तीच नाही.

याच लीगमधल्या मुंबई सिटीचे घर म्हणजे अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. ते मुंबई महापालिकेचे. हिशेब मांडून पाहू. सात हजार खुर्च्या, सरासरी 300 रुपयांचे तिकीट, घरच्या मैदानावर बारा सामने आणि प्रत्येक वेळी एकही खुर्ची रिकामी नाही असे धरले, तरी हाती येतात अडीच कोटी. लीगने खेळाडूंच्या पगारावर घातलेली मर्यादाच काही वर्षांपूर्वी साडेसोळा कोटींची होती. उरलेला खड्डा मालक भरतो, आणि मालकाचा धीर संपला की क्लबही संपतो. ज्या समूहाकडे मँचेस्टर सिटी आहे, त्याने 2019 मध्ये मुंबई सिटीचा 65 टक्के हिस्सा घेतला होता. त्या काळात क्लबने लीग जिंकली. तरीही डिसेंबर 2025 मध्ये तो समूह बाहेर पडला.

2023 मध्ये मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीग खेळली, तेव्हा घरच्या सामन्यांसाठी तिला पुण्याच्या बालेवाडीत जावे लागले. सौदीच्या अल-हिलालविरुद्धचा सामना तेवढा नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. गर्दी खेचणारे सामने परक्याच्या अंगणात गेले. त्याच नेरुळच्या मैदानावर जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा सारा देश तिकिटांसाठी धडपडत होता. मैदान कमावते ते असे, खेळ नसलेल्या दिवशीही. लंडनच्या टॉटनहॅमने हे ओळखले होते. 2019 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या स्टेडियममध्ये फुटबॉलचे गवत तुकड्या-तुकड्यांनी बाजूला सरकते आणि खाली अमेरिकन फुटबॉलसाठी वेगळा पृष्ठभाग तयार असतो. मोठमोठ्या गायकांचे कार्यक्रमही तिथे होतात. पैसा क्लबच्या गल्ल्यात जातो, कारण मैदान क्लबचे आहे.

पुण्याची गोष्ट अधिक बोचते. बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभे राहिले, ते राज्य सरकारचे. पिरामल समूहाचा पुणे एफसी तिथे खेळला, 2014 पासून एफसी पुणे सिटीही. 2019 मध्ये हा क्लब बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबला मिळाली. पुण्यात त्याची एक वीटही मागे राहिली नाही, कारण त्याची स्वतःची वीट नव्हतीच.

जळगावकरांना हे पटवून द्यायला नको. महापालिकेच्या व्यापारी संकुलांतील कराराची मुदत संपलेल्या गाळ्यांचा वाद त्यांनी वर्षानुवर्षे पाहिला आहे. उद्या गाळा आपल्याकडे राहील की नाही हे ठाऊक नसलेला दुकानदार फर्निचरवर खर्च करत नाही. क्लबचेही तसेच.

पण मालकी म्हणजे सुखच असेही नाही. आर्सेनलने 2006 मध्ये सुमारे 39 कोटी पौंड खर्चून साठ हजार आसनांचे एमिरेट्स उभारले. सामन्यांची कमाई खूप वाढली. मात्र कर्जाच्या हप्त्यांच्या काळात ऑन्री, फाब्रेगास, व्हॅन पर्सी हे खेळाडू एकेक करून गेले आणि 2005 नंतर पुढची मोठी ट्रॉफी यायला 2014 उजाडले.

दुसऱ्या टोकाला वेस्ट हॅम. 2012 च्या ऑलिम्पिकसाठी जनतेच्या पैशाने बांधलेले स्टेडियम त्यांना 99 वर्षांच्या कराराने, वर्षाला सुमारे 25 लाख पौंड भाड्यात मिळाले. क्लब खूश, तोटा मात्र करदात्यांच्या माथी.

माझ्या मनातून जात नाही तो कॉव्हेन्ट्री सिटी. जुने मैदान सोडून 2005 मध्ये हा क्लब नव्या स्टेडियमवर भाडेकरू म्हणून आला. भाडे वर्षाला सुमारे 13 लाख पौंड, आणि स्टेडियमच्या इतर उत्पन्नात वाटा जवळपास नाही. क्लब खालच्या विभागात घसरला, 2012 मध्ये त्याने भाडे थकवले आणि 2013-14 चा मोसम पन्नासेक किलोमीटरवरच्या नॉर्दम्प्टनला खेळला. मधल्या काळात स्टेडियम एका रग्बी क्लबने विकत घेतले. 2019 ते 2021 पुन्हा परगावी, बर्मिंगहॅमला. आपल्या गावाचा संघ पाहायला दुसऱ्या गावाला जाणाऱ्या त्या प्रेक्षकांचे काय झाले असेल? ऑगस्ट 2025 मध्ये क्लबच्या मालकांनी अखेर ते स्टेडियम विकत घेतले. एका वाईट कराराने वीस वर्षे खाल्ली.

खान्देशात उद्याच कुणी चारशे कोटींचे स्टेडियम बांधणार नाही, आणि बांधूही नये. पण जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत जिल्हा क्रीडा संकुले आहेत, आणि जळगावात जैन समूहाच्या क्रीडा अकादमीसारखी खेळावर खर्च करणारी संस्थाही आहे. एखादा क्लब राज्य पातळीवर खेळायचे ठरवेल, तेव्हा त्याच्याशी सामन्यागणिक भाड्याऐवजी दहा-पंधरा वर्षांचा करार व्हावा. भाडे थोडे आणि उत्पन्नाशी जोडलेले. खाण्याचे ठेले, पार्किंग, जाहिरातीचे फलक यांत क्लबचा ठरलेला वाटा. बदल्यात गवताची, दिव्यांची देखभाल आणि शाळांच्या मुलांना राखून ठेवलेले तास ही क्लबची जबाबदारी. मैदान सार्वजनिकच राहील. आणि करार सर्वांना वाचता यावा म्हणून संकुलाच्या दारावर लावावा.